मागची सीट माझी होती

जुनी मोटारसायकल घेताना लोक इंजिन बघतात, टायर बघतात, कागदपत्रं बघतात. मागच्या सीटवर जी बसणार तिला कोणी काही विचारत नाही. आमच्या लालबागच्या मिस्त्रीने मात्र पहिल्याच दिवशी नवऱ्याला बजावलं होतं, "दोघांची गाडी हा, तर दोघांनी बघूक व्हयी." म्हणून त्या वर्षी माघापासून होळीपर्यंतचे सगळे रविवार मी गाड्या बघत हिंडले आणि शेवटी गाडी पसंत केली ती मीच. पुढे जे झालं ते आमच्या घरात अजूनही विनोद म्हणून सांगतात. मला त्याचं हसू कधी आलं नाही.

नवऱ्याला मी जन्मभर अहो-जाहो केलं. लिहिताना मात्र करणार नाही. माझ्या रागाला एवढी तरी जागा असू दे.

आम्ही गिरगावात, फणसवाडीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. तो फोर्टातल्या एका कंपनीत नकाशे काढायचा, मी जवळच्याच मुलींच्या शाळेत शिकवायची. माझं माहेर बेळगावचं. आई मी लहान असतानाच गेली, घरात बाबा एकटे. त्यांना काचबिंदू झाला होता. पौषात त्यांचं पत्र आलं, ओळी तिरक्या, एकमेकींवर चढलेल्या. लिहिलं होतं, "डॉक्टरांनी हात टेकले आहेत. वाचणं बंद झालं. माणसांचे चेहरे अजून दिसतात, तेवढ्यात तुला एकदा नीट बघून घ्यावंसं वाटतं."

मी त्याच संध्याकाळी ट्रंक खाली काढली. शाळेत रजा मागते आणि रेल्वेने जाऊन येते, म्हटलं. नवरा म्हणाला, "अगं, तीन-चार महिने दम धर. मे महिन्यात मोटारसायकलवरून नेतो तुला. बाबांच्या दारात अशी दिमाखात उतरशील की आख्खी गल्ली बाहेर येईल." लग्नाच्या आधीपासून त्याला मोटारसायकलचं वेड. नवी परवडण्यासारखी नव्हती. लांबच्या रस्त्याला, दोन माणसं आणि सामान घेऊन घाट चढेल अशी वजनदार जुनी गाडी शोधायची आणि निम्मे पैसे माझ्या पगारातले घालायचे, असं ठरलं. मी ट्रंक पुन्हा माळ्यावर ठेवली. त्याने मला भूल घातली असं म्हणणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर मलाही त्या दिमाखाची हौस वाटली. मी बाबांना तसं लिहिलं, आणि त्यांनी ते शेजाऱ्यांकडून वाचून घेऊन उलट टपाली विचारलं की आवाज कसा असतो गाडीचा, म्हणजे मी लांबून ओळखीन.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. वाडीतून रोज कोणी ना कोणी सभेला निघालेलं असायचं. नवराही जायचा. भाषणात बेळगावचं नाव आलं की मुठी वर करून ओरडायचा आणि घसा बसवून घरी यायचा. मी त्याला सुंठ-मध चाटवायची. माझ्या गावासाठी या माणसाचा घसा बसतो, याचं मला त्या वेळी केवढं कौतुक होतं.

पहिली गाडी दादरची. मालकाने ती इतकी चकचकीत पुसली होती की तिच्यात बघून मी कुंकू लावलं असतं. नवरा किक मारायला पुढे झाला तसं मिस्त्रीने त्याला थांबवलं, इंजिनावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "तापवन ठेवलेला हा. म्हणजे थंड असली की सुरू होवक त्रास देता." मी मागे बसून पाहिलं. सीट वीतभर रुंद, आणि पाय ठेवायला काही नाही. तसं म्हटल्यावर मालक म्हणाला, "बाईंना काय रोज बसायचंय?"

"रोज नाही. एका दमात तीनशे मैल," मी म्हटलं. 

दुसरी परळला, एका गिरणीच्या मागच्या शेडमध्ये. लष्करातून निघालेली, अंगाने दांडगी. हिच्यावर नवऱ्याचा जीवच बसला. हँडल धरून तो असा उभा राहिला की जणू उद्याच आघाडीवर निघायचंय. मागची सीट म्हणजे लोखंडी कॅरिअर आणि त्यावर बांधलेली उशी. नायगावपर्यंत जाऊन आलो तेवढ्यात माझी कंबर बोलायला लागली. मिस्त्री जमिनीवर आडवा झाला आणि मागच्या चाकाजवळच्या सांगाड्याच्या नळीवरून नख फिरवत गेला. एका जागी त्याचं नख अडलं. "हयसर जोड मारलेलो हा, वरसून रंग. एकट्याक चलात. मागे माणूस बसलो की घाटात सोडतली." नवरा तिथून निघताना दोनदा मागे वळून बघत होता. मी मात्र मागच्या चाकाजवळची नळी नावाची वस्तू त्या दिवशी कायमची ओळखायला शिकले.

तिसरी वडाळ्याला मिळाली, रेल्वे यार्डाच्या बाजूच्या एका चाळीत. मालक वसईकडचे ख्रिस्ती गृहस्थ, इंजिन ड्रायव्हर. नोकरी संपवून गावी चालले होते. गाडी विलायती, दोन सिलिंडरची, रंग जागोजाग उडालेला. नवऱ्याने नाक मुरडलं. मिस्त्रीने तिला थंडच सुरू केली, दुसऱ्या किकला. धूर बघितला, चेन ओढून बघितली, गाडी बाजूला घेऊन खाली तेल सांडलंय का ते बघितलं, आणि मग मला म्हणाला, "वैनीनू, आता तुमी बसा."

मी बसले आणि मला कळलं. सीट रुंद, खाली भक्कम स्प्रिंगा, पुढे हातात धरायला चामड्याचा जाड पट्टा. मिठागरांच्या बाजूच्या खडबडीत रस्त्यावरून आम्ही मैलभर जाऊन आलो, तरी पाठीला झटका म्हणून लागला नाही. त्या गृहस्थांची बायको दारात उभी राहून माझ्याकडेच बघत होती. मी उतरल्यावर जवळ आली आणि म्हणाली, "मी पंधरा वर्सं बसली हिच्यावर. घाटात नवऱ्याला मिठी मारू नको हां. हा पट्टा पकड. त्याला मोकळा ठेव, तो जिकडं वळंल तिकडं तू पण वळ." मग तिने सीटवरून हात फिरवला. गाडी विकण्याचं खरं दुःख त्या बाईलाच झालं होतं.

घरी नवऱ्याने दोन दिवस तोंड फुगवलं. त्याला परळची हवी होती. मी म्हटलं, "चालवणार तुम्ही, पण तीनशे मैल हादरणार मी. माझं ऐका." त्याने ऐकलं. होळीच्या आसपास ती गाडी वाडीत आली.

मग एक नवीनच अडचण निघाली. गोल पातळ नेसून दोन्ही पाय डाव्या बाजूला टाकून बसायचं, म्हणजे सगळं वजन डावीकडे. मिस्त्रीने डाव्या अंगाला लांब लोखंडी फळी बसवून दिली, चाकात पदर जाऊ नये म्हणून जाळी ठोकली. गिरगाव ते दादर तेवढ्याने छान चालायचं. पण एका रविवारी पनवेलच्याही पुढे जाऊन आलो, तर येताना माझा डावा गुडघा बधिर आणि नवऱ्याचे दंड गाडी सावरून सावरून भरून आलेले. मिस्त्रीला सांगितलं, तर तो म्हणाला की वळणावर गाडी डावीकडे पडते ती तशाने, आणि लांब जायचं तर वैनींनी दोन्हीकडे पाय टाकून बसावं.

मी विचार केला. पुढच्या रविवारी पेटीतलं आईचं नऊवारी लुगडं काढलं, घट्ट काष्टा मारून नेसले आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले. काय सांगू! गाडी सरळ बाणासारखी चालली. वळणावर आम्ही दोघं एकदम कलत होतो आणि माझ्या हातात तो पट्टा होता. वरळीच्या समुद्रावरून येताना मला वाटलं, ही माणसाची खरी बसण्याची रीत, आणि आपल्या आज्यांना ती ठाऊक होती.

वाडीत शिरलो तेव्हा नवऱ्याच्या कचेरीतला एक मित्र खाली त्याची वाट बघत उभा होता. पिळदार मिशांचा, सदा थट्टेखोर. मला उतरताना बघून तो मोठ्याने म्हणाला, "अरे बाप रे, राणीसरकार लढाईहून परत आल्या! आणि तू रे, तू काय, घोडा धरणारा मोतद्दार?" कठड्यांवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. नवरा हसला नाही, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एप्रिल सरता सरता शाळेला सुट्टी लागली. मी लाडू केले, गाडीच्या मागच्या पिशवीत वाऱ्यासाठी माझी डाळिंबी शाल घडी करून ठेवली. बाबांनी लग्नात दिलेली ती शाल. बाबांना कळवलं, येत्या आठवड्यात येतो. आणि एके संध्याकाळी नवरा लालबागहून तोंड पाडून आला. म्हणाला, "मिस्त्री सांगत होता, मागच्या स्प्रिंगा गेल्यात. मागे माणूस बसवून घाट चढू नका म्हणाला. मी पुण्यापर्यंत एकटा जाऊन गाडी आजमावतो. आल्यावर स्प्रिंगा बदलू आणि मग निघू."

 गाडी मीच निवडली होती, त्या स्प्रिंगांवर मीच भाळले होते. म्हणजे चूक माझीच, असं मी धरून चालले. उलट त्याचीच समजूत घातली आणि लाडवांचा डबा त्याच्या पिशवीत भरला. बाबांना तू लिहू नकोस, मी कळवतो, म्हणाला. मी तेही मान्य केलं.

पाचव्या दिवशी तो आला, धुळीने माखलेला. मी पाणी तापवून दिलं. "पुणं कसं होतं?" विचारलं. "उन्हाळा फार," म्हणाला. गाडी छान चालली, पण मागच्या बाजूला जरा दणके बसतात, असंही म्हणाला. मी त्याच्या खांद्यांना तेल चोळलं. हे तेल मला आजही आठवतं आणि आठवलं की संताप होतो.

त्यानंतर तीन दिवसांनी बाबांचं पोस्टकार्ड आलं. नवरा कचेरीत होता. मी जिन्यातच वाचायला घेतलं. अक्षरं आता एवढी मोठी झाली होती की ओळीत चारच शब्द मावत होते.

"चि. सौ. बाळीस आशीर्वाद. जावईबापू येऊन गेले. तुला बरं नाही म्हणाले. काही गोड असेल तर कळव. तुझ्यासाठी कुंद्याचा डबा पाठवला, पावला असेल. माझी फजिती ऐक. संध्याकाळी गाडीचा आवाज आला, मी भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन पायरीवर उभा. चेहरे आता दिसत नाहीत, रंग दिसतात. मागे तुझी डाळिंबी शाल दिसली. मी पुढे होऊन तुकडा ओवाळून टाकला, आलीस ग बाई म्हटलं, डोळ्यांना पाणी लावायला गेलो, तर हाताला मिशा लागल्या! जावईबापूंचे स्नेही होते. शाल डोक्यावरून घेतली होती, धुळीमुळे. सगळे खूप हसलो."

मी ते दोनदा वाचलं. आई गेल्यापासून माझ्यावरून भाकरतुकडा बाबाच ओवाळत आले. दर सुट्टीत मी हॉस्टेलवरून आले की एका हातात तुकडा, दुसऱ्यात तांब्या, आणि पुरुषमाणसाने हे करायचं म्हणून थोडे ओशाळलेले. माझ्या वाटचा तो तुकडा त्यांनी माझी शाल पांघरलेल्या एका परक्या माणसावरून ओवाळला होता. आणि सगळे हसले होते.

मी घरात गेले नाही. तशीच खाली उतरले, बस पकडून लालबागला गेले आणि मिस्त्रीसमोर उभी राहिले. विचारलं, "स्प्रिंगा गेल्यात असं तुम्ही सांगितलंत?"

तो हातातलं काम टाकून उठला. "मी असा कधी सांगलंय, वैनीनू? त्या स्प्रिंगा आमका सगळ्यांका पुरान उरतल्या." माझ्या चेहऱ्याकडे त्याने एकदा बघितलं. पाणी आणून दिलं, तेवढंच.

नवरा आला तेव्हा मी पोस्टकार्ड त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने वाचलं आणि, खोटं नाही सांगत, बाबांनी मिशांचं लिहिलेल्या ओळीशी आल्यावर त्याच्या ओठांचे कोपरे हलले. मग माझ्याकडे बघितलं आणि आवरलं.

"अगं, तुझ्याच बाबांना भेटून आलो. त्यात काय वाईट केलं?"

"मी का नव्हते मागे?"

त्याने बरेच आढेवेढे घेतले. सीमेवर धरपकड चालली आहे म्हणाला, बाईमाणसाला नेणं बरं नव्हे म्हणाला. मी हलले नाही. शेवटी चिडून बोलला, "तू तशी पाय टाकून बसणार, गावोगावची माणसं बघणार. कचेरीत मला आठवडाभर मोतद्दार म्हणत होते. चार लोकांत बरं दिसतं का ते?"

"मग तसं मला सांगायचं. मी रेल्वेने गेले असते."

"तू ऐकलं नसतंस."

"मी तुमचं कधी ऐकलं नाही? चार महिने थांबले ते कोणाचं ऐकून?"

 कुंदा कुठे गेला ते मी विचारलं. डबा त्या मित्राच्या घरी गेला होता, कारण आमच्या घरी आणला असता तर मला कळलं असतं. इतका पुढचा विचार त्याने केला होता. बेळगाव महाराष्ट्रात आणायला निघालेला हा माणूस, बायकोला बेळगावला न्यायला लाजला. हे मी त्याच्या तोंडावर म्हटलं. नंतर पुष्कळ वर्षं त्याने मला या एका वाक्याबद्दल क्षमा केली नाही. माझ्याकडे क्षमा मात्र त्याने कधी मागितली नाही, कारण त्याच्या लेखी ती एक गमतीदार गोष्ट होती.

मला खोट्याचा राग आलाच, पण जास्त राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मिठागरांच्या रस्त्यावर त्या गाडीवर बसून मी म्हटलं होतं, हीच. इतक्या खात्रीने आयुष्यात मी दुसरं काही निवडलं नव्हतं. माझी ती खात्रीच त्याने खोटी ठरवली आणि ती खोटी आहे हे मला पटवलं. दहा दिवस मी स्वतःलाच दोष देत राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक काढली. तो म्हणाला, "थांब, रविवारी गाडीवरून नेतो, हवं तशी बस." मी ट्रंक भरत राहिले. शाल त्याने धुऊन आणून पुढे ठेवली होती. ती तिथेच सोडली. पुण्याला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी बेळगावला उतरले, टांगा केला. बाबांना तार केली होती.

ते पायरीवर उभे होते. एका हातात तुकडा, दुसऱ्यात तांब्या. टांगा थांबला तसे त्यांनी मान वर केली, पण त्यांची नजर माझ्या बाजूने भलतीकडेच गेली. पौषात त्यांना चेहरे दिसत होते. मी तेव्हा आले असते तर त्यांनी मला पाहिलं असतं. हा हिशेब मी टांग्यातून उतरता उतरता केला आणि तो आजवर कधी चुकलेला नाही.

मी पायरीशी जाऊन उभी राहिले. त्यांचा हात नेहमीसारखा ओवाळायला उठला आणि अर्ध्यावर थांबला.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी आहे, बाबा."

"तूच ना नक्की?" ते ओशाळून हसले. तांब्या खाली ठेवला, हात पुढे केला आणि माझा गाल, कपाळ, ओठांची वरची बाजू बोटांनी चाचपून पाहिली. मग त्यांनी तुकडा ओवाळला.